क्षमेचे ऋण

'आयुष्याला वळण देणारा प्रसंग' या विषयावर लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. इतिहासाच्या शिक्षकाने महाडवर लिहावे, दीक्षाभूमीवर लिहावे, किंवा आमच्या पिढीने अनुभवलेल्या नामांतराच्या दिवसांवर लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. परंतु गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात एक लहानसा प्रसंग घडला. त्याने आम्हांस चाळीस वर्षे मागे, रे रोडच्या एका सार्वजनिक नळापाशी नेऊन उभे केले. त्या नळावर जे घडले ते आम्ही आजवर कोठेही लिहिलेले नाही. ते आमच्याविरुद्ध जाणारे आहे, हेच त्याचे कारण.

आधी भोजनगृहाची हकिगत. इयत्ता आठवीत एक विद्यार्थी आहे. घर नगरकडचे, धर्माने ख्रिस्ती. आपल्याकडे सायंकाळी त्रिशरण-पंचशील होते तेव्हा तो इतरांबरोबर हात जोडून शांतपणे उभा राहतो. म्हणत नाही, पण कधी अनादरही करीत नाही. त्याच्याच वर्गातील चार मुलांनी एक खेळ सुरू केला होता. जेवणाच्या रांगेत त्याचे ताट ते उचलून शेवटी नेऊन ठेवीत आणि "आधी आमेन म्हण," असे त्याला सांगत. हा प्रकार तीन आठवडे चालला. त्याने कोणाकडेही तक्रार केली नाही. आम्हांस कळले तेही वाढपी मामांकडून. आम्ही त्याला बोलावून विचारले तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या, सर. मी शेवटी उभा राहतो. भाजी काही कमी पडत नाही."

'शाबास, किती समंजस मुलगा!' हे शब्द आमच्या ओठांवर आले आणि तेथेच थांबले. हेच वाक्य आमच्या वस्तीतील मोठ्या माणसांनी एका बाईंविषयी उच्चारलेले आम्ही ऐकले होते. त्या वाक्याआड आम्ही सगळे काय लपवीत होतो, तेही आम्हांस ठाऊक होते.

रे रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरले की मुंबईचा निराळाच चेहरा समोर येतो. दारूखान्यातील जहाजतोडणीचे लोखंड, लाकडाच्या वखारी, पोर्ट ट्रस्टची गोदामे, लकडी बंदर, कौला बंदर, आणि या सर्वांच्या फटीफटींतून वसलेल्या वस्त्या. १९७२ च्या दुष्काळात आमचे आईवडील मराठवाड्यातून येथे आले. वडील लोखंडाच्या वखारीत हमाली करीत. वस्तीत बहुसंख्य घरे आपल्या समाजाची होती. प्रत्येक घरात भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत असत, आणि पाण्यासाठी सगळ्या वस्तीला मिळून एक नळ असे. पहाटे साडेचारला पाणी येई आणि सहाच्या आत जाई. हा नळसुद्धा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसवर अनेक मोर्चे नेल्यावर मिळालेला. त्याचा वस्तीला अभिमान होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता.

आमच्या ओळीतील शेवटच्या झोपडीत आक्का राहत. सगळी वस्ती त्यांना आक्काच म्हणे. त्या एका इस्पितळात आया होत्या आणि त्यांचे यजमान गोदामावर रखवालदार. मूळ गाव नगर जिल्ह्यातले. आक्कांच्या आजोबांनी गावच्या महारवाड्यात राहत असतानाच बाप्तिस्मा घेतलेला, म्हणजे आमच्या आजोबांचे आणि त्यांच्या आजोबांचे घर गावकुसाबाहेरच्या एकाच मातीवर उभे. त्यांची आजी तर १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात अनाथ होऊन केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात वाढलेली. रविवारी आक्का पांढरे पातळ नेसून भायखळ्याच्या मराठी चर्चला जात आणि संध्याकाळी चूल पेटविताना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गुणगुणत. आमच्या वडिलांना भजनाचा कान होता. ते हातातले काम थांबवून ऐकत, मात्र ऐकतो आहोत असे दाखवीत नसत.

१९८३ च्या उन्हाळ्यात पाण्याची ओढ वाढली आणि वस्तीतील चार जाणत्यांनी एक नियम केला. नळ आपल्या समाजाने लढून आणला, तेव्हा आधी आपले हंडे; पाद्र्याच्या माणसांनी पाद्र्याकडे पाणी मागावे. या नियमाने आक्कांचा हंडा शेवटी गेला. त्यांच्याबरोबर दोन मुसलमान कुटुंबांचे आणि एका मातंग कुटुंबाचेही हंडे शेवटी गेले. याच वस्तीत दर वर्षी २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची सभा भरत असे. आम्ही स्वतः तिच्यात भाषण केलेले होते आणि बक्षीस म्हणून एक वही मिळविली होती. तरीही या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत, हे वस्तीत कोणालाच सुचले नाही.

आक्का शेवटी उभ्या राहू लागल्या. येता-जाता जाणत्या मंडळींना "जय भीम" म्हणत, तो त्यांनी थांबविला नाही. "बाई समंजस आहे," असे मंडळी आपसांत म्हणत आणि निश्चिंत होत.

मे महिन्यातील एका पहाटे नळाची धार करंगळीएवढी होती. रांगेत गोंधळ उडाला आणि आक्कांचा हंडा चुकून की मुद्दाम कोण जाणे, मध्ये सरकलेला दिसला. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. "बाटगी पुढे घुसते," असे म्हणून आम्ही त्या जर्मनच्या हंड्याला लाथ मारली. तो दगडांवरून गडगडत गटाराच्या कडेला गेला आणि त्याला एका बाजूने मोठा पोचा पडला. मोठी माणसे हसली. आक्का आल्या, हंडा उचलला, आत वाकून पाहिले, पदराने पुसला आणि पुन्हा शेवटी नेऊन ठेवला. त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो शब्द आम्ही कोठून शिकलो, हे आम्हांस सांगता येणार नाही. आमच्या आईवडिलांनी स्वतः धर्मांतर केलेल्या समाजात जन्म घेतला होता. त्या घरातल्या मुलाने दुसऱ्याला 'बाटगी' म्हणावे, यातील विसंगती कळायला आम्हांस पुढे बरीच वर्षे लागली.

पावसाळ्यात आमच्या चार वर्षांच्या बहिणीला हगवण आणि उलट्या सुरू झाल्या. वडील रात्रपाळीला होते. मध्यरात्रीनंतर तिचे डोळे खोल गेले. आई दारात येऊन हाका मारू लागली. शेजारी जमले, प्रत्येकाने काही ना काही सुचविले. आक्का नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्यांनी गर्दी बाजूला सारली, पाणी उकळून निवविले, त्यात साखर-मीठ घातले आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा याप्रमाणे पहाटेपर्यंत पाजीत बसल्या. उजाडताच टॅक्सी करून तिला आपल्या इस्पितळात नेले आणि दोन दिवस आमच्या आईजवळ उभ्या राहिल्या. त्या रात्री वापरलेले पाणी पोचा पडलेल्या हंड्यातले होते. शेवटी उभे राहून मिळालेला अर्धा हंडा. तो आमच्या घरासाठी रिता झाला. बहीण वाचली. आज ती दोन मुलांची आई आहे.

वडील घरी येताच आक्कांच्या दाराशी गेले. आम्ही त्यांच्या मागे होतो. वडील म्हणाले, "आक्का, उद्यापासून तुमचा हंडा पहिला." आक्का म्हणाल्या, "दादा, माझा पहिला नको. जो आधी येईल त्याचा आधी, एवढं करा. माझं काय, मी उभी राहीन. पण ती पलीकडची ओली बाळंतीण तासभर ताटकळते, ते मला बघवत नाही." ती बाळंतीण त्या मातंग कुटुंबातील होती. तिच्याकडे आमच्यापैकी कोणाचे लक्षही गेले नव्हते.

वडिलांनी हा विषय मंडळींपुढे मांडला. तीन बैठका झाल्या, भांडणे झाली, वडिलांना 'पाद्र्याचा वकील' ही पदवीही मिळाली. अखेर नियम बदलला. हंडा कोणाचाही असो, आधी आलेल्याचा आधी भरू लागला.

पुढे इतिहासात एम.ए. करताना पंडिता रमाबाईंचे चरित्र आमच्या अभ्यासात आले. आक्कांच्या आजीमुळे ते आम्ही अधिक आस्थेने वाचले. ज्या लॉर्ड रे यांचे नाव आमच्या रस्त्याला आणि स्थानकाला आहे, ते १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्याच धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. ज्या पुण्याने त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचे कौतुक केले, त्याच पुण्यातून मग त्यांच्यावर निंदेचा वर्षाव झाला. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले. १८८५ च्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. आपल्या विद्यार्थ्यांनी हे विसरू नये. सत्यशोधक जोतीरावांनी एका ब्राह्मण विधवेचा ख्रिस्ती होण्याचा हक्क मान्य केला, आणि आम्ही त्यांचे वारस म्हणविणारे नळावर काय करीत होतो!

शारदासदन पुण्यास गेल्यावर १८९३ साली वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप झाला. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांच्या शंकेस काहीच आधार नव्हता, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही म्हणणार नाही. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. पण टीका त्या शंकेपुरती राहिली नाही, ती एका स्त्रीची प्रतिष्ठा संपविण्यापर्यंत गेली. रमाबाईंनी निंदेला निंदेने उत्तर दिले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने रस्त्यावर आलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी केडगावला आणले. ज्या समाजाने आपल्याला वाळीत टाकले त्याच समाजातील टाकलेल्या लेकींना त्यांनी पोटाशी धरले.

परंतु याच रमाबाईंची दुसरी बाजू पाहावी. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी इस्पितळात आणि छावण्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोटे ठरविण्याचा प्रयत्न केला, पण त्या मागे हटल्या नाहीत. सरकार त्यांच्याच धर्माचे होते, तरीही त्यांनी भीड धरली नाही. इंग्लंडात असतानाही आपल्या श्रद्धेचा अर्थ चर्चच्या अधिकाऱ्यांनी ठरवावा, हे त्यांनी मान्य केले नव्हते. म्हणजे स्वतःवरची निंदा त्यांनी सोसली, दुसऱ्यावरचा अन्याय मात्र सोसला नाही. आक्कांनी वडिलांपुढे नेमका हाच भेद केला होता: "माझं काय, मी उभी राहीन. पण ती बाळंतीण..."

आंबेडकरी माणसाला 'क्षमा' हा शब्द सहजासहजी पचत नाही, आणि त्याला कारणे आहेत. शतकानुशतके ज्यांनी मारले त्यांना कोणी काही सांगितले नाही. ज्यांनी मार खाल्ला त्यांनाच सहनशीलतेचा उपदेश मिळाला. एका गालावर बसली तर दुसरा पुढे करावा, हे वचन ज्याचा पहिलाच गाल पिढ्यान्‌पिढ्या सुजलेला आहे, त्याच्या कानाला कसे लागते ते आम्ही जाणतो. आपला अपमान हा पुष्कळदा आपल्या एकट्याचा नसतो, सगळ्या समाजाचा असतो. तो गिळणे म्हणजे समाजाच्या वतीने शरणागती लिहून देणे होऊ शकते.

मग बाबासाहेबांनी महाडला काय केले? २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी आवई उठली आणि जमावाने मंडपात जेवणाऱ्या निःशस्त्र लोकांवर हल्ला केला. अन्न मातीत मिसळले, डोकी फुटली. सत्याग्रहींमध्ये लष्करात राहिलेले धट्टेकट्टे जवान होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. प्रतिहल्ला होऊ दिला नाही. पण हक्क सोडला का? हल्लेखोरांवर खटला झाला, त्यांना शिक्षा झाल्या. आणि तळ्याचा दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. हात आवरला, पण दावा मागे घेतला नाही. महाडचा हा अर्धा भाग आम्ही सभेत नेहमी घाईने सांगतो आणि पुढे जातो. तो सावकाश सांगण्यासारखा आहे.

धम्मातही याचा आधार आहे. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरान्तात जाण्यास निघाला. हा प्रदेश म्हणजे आपल्या सोपाऱ्याच्या आसपासचा मुलूख, असे अभ्यासक मानतात. येथीलच स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन करून जगापुढे आणला. तथागतांनी पुण्णाला विचारले की तेथील लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, तेव्हा तू काय करशील? प्रत्येक वेळी पुण्ण म्हणतो की त्याहून वाईट केले नाही हा त्यांचा चांगुलपणाच मानीन. तथागतांनी त्याला जाण्याची अनुमती दिली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तथागतांनी पुण्णाला सोसण्याची आज्ञा केली नाही, प्रश्न केला. उत्तर पुण्णाचे स्वतःचे होते.

इतक्या वर्षांच्या विचारान्ती आम्ही येथवर आलो आहोत. क्षमा ही देणाऱ्याची असते. ती कोणी कोणाकडून वसूल करू शकत नाही आणि पीडिताला तिचा उपदेश करण्याचा अधिकार पीडा देणाऱ्याला तर मुळीच नाही. मात्र ज्याला ती मिळते त्याच्यावर ऋण चढते. ते ऋण "किती समंजस बाई!" म्हणून फिटत नाही. ज्या नियमामुळे तिला सोसावे लागले तो नियम बदलला, तरच थोडेफार फिटते. आमच्या वडिलांना शाळा नव्हती, पण हे कळले होते.

आक्कांच्या क्षमेचे मूळ त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेत होते, हे आम्ही आमच्या सोयीसाठी पुसून टाकणार नाही. आम्ही ईश्वर मानत नाही. त्या मानत. देवाने आपल्याला क्षमा केली, म्हणून आपणही करावी, अशी त्यांची साधी समजूत होती. त्या समजुतीच्या हंड्यातले पाणी आमच्या घराने प्यालेले आहे. शिवाय त्यांच्या समाजाचे एक ऋण अद्याप बाकी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्या सर्व शीख दलितांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या अजूनही नाहीत. धर्मांतर केल्याने अस्पृश्यतेचे चटके थांबत नाहीत, हे आपण चौतीस वर्षे केंद्र सरकारला सांगत होतो. तेच म्हणणे आता दुसरा कोणी सांगत असेल, तर निदान आपण तरी कान बंद करू नयेत.

शिक्षकाची नोकरी लागल्यावर पुष्कळ वर्षांनी आम्ही आक्कांच्या गावी गेलो. त्या थकल्या होत्या, दिसत कमी होते. आम्ही हंड्याची गोष्ट काढली आणि माफी मागितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकरा, तू लहान होतास." आम्हांस हायसे वाटले तोच पुढे म्हणाल्या, "पण ते मोठे होते." म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या. हसणारा प्रत्येक चेहरा त्यांना आठवत होता, आणि तरी त्या रोज "जय भीम" म्हणत होत्या. विसरणे आणि क्षमा करणे एक नव्हे, हे आम्ही त्या ओसरीवर शिकलो. आज आक्का हयात नाहीत.

आता पुन्हा भोजनगृहाकडे. त्या विद्यार्थ्याच्या समंजसपणाची आम्ही स्तुती केली नाही. त्याला एवढेच म्हणालो, "तू जाऊ दिलेस, हा तुझा मोठेपणा. पण आम्हांस जाऊ देता येत नाही." त्याच आठवड्यात भोजनगृहाच्या दारावर नियम लागला: ताट ज्या क्रमाने रांगेत येईल त्याच क्रमाने वाढले जाईल. दुसऱ्याचे ताट हलविणाऱ्याने आठवडाभर वाढपी व्हावे आणि सर्वांत शेवटी जेवावे. त्या चार मुलांना बोलावून आम्ही हंड्याची ही गोष्ट सांगितली. लाथ मारणारा मुलगा कोण, हेही सांगितले. ती बराच वेळ खाली पाहत होती. मग एकाने विचारले, "सर, मग तुम्हांला शिक्षा झाली का?"

"नाही झाली," आम्ही म्हणालो. "म्हणूनच तर अजून आठवते."

त्या आठवड्यात ती चौघे वाढीत होती. तो विद्यार्थी रांगेत चौथा होता. त्याच्या ताटात भाजी वाढताना एकाने हात थांबविला, त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "अजून देऊ?" तो म्हणाला, "दे." याहून अधिक काही घडले नाही. पण ज्या विद्यालयाच्या दारावर प्रज्ञा, शील, करुणा हे शब्द कोरलेले आहेत, त्याच्या स्मरणिकेत एवढेही नोंदवून ठेवावे असे आम्हांस वाटले.

नमो बुद्धाय. जय भीम.